जादू एकटीला जमत नाही

दहिसर (पूर्व)

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा आलं. चौथीनंतर तिकडे जर्मनीत मुलांच्या शाळा बदलतात, कुणी या शाळेत, कुणी त्या शाळेत, आणि चार वर्षं एकत्र खेळलेला वर्ग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पांगतो, हे तू सहज लिहून गेलीस. मला तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. तू विचारतेस, पोर दिवसभर जादूची पुस्तकं वाचते, एक संपलं की दुसरं, जेवताना मांडीवर, झोपताना उशीखाली; नव्या शाळेपासून पळतेय का ती? त्यात तुझे बाबा फोनवर म्हणाले की हयातभर मी जादूटोण्याविरुद्ध बोललो आणि नात मंत्र पाठ करते. म्हणून तू जास्तच धास्तावलीस.

अगं, ती पळत नाहीये. तिला मैत्रीण हवी आहे. आणि अकराव्या वर्षी मैत्रिणीला जितकं मोठं मानायला हवं, तितकं मोठं मानणारं सध्या तिला त्या पुस्तकांशिवाय कुणी भेटत नाहीये. आपण मोठी माणसं काय म्हणतो? भांडलात ना, होईल उद्या नीट. वर्ग बदलला ना, मिळतील नव्या मैत्रिणी. त्या वयात बाकावर शेजारी कोण बसणार यावर सगळं जग उभं असतं, हे आपण विसरून जातो. ही पुस्तकं विसरत नाहीत. तिथे दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले की खरोखर राज्य बुडायची वेळ येते. मुलांना जादू आवडते हे खरंच आहे. पण त्यांना धरून ठेवतं ते हे वजन.

'हॅरी पॉटर'च्या पहिल्याच पुस्तकातली आगगाडी आठव. हॅरी अकरा वर्षांचा, आईबाप नाहीत, मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात झोपणारा. डब्यात एकटा बसलाय. लाल केसांचा एक मुलगा दारात येऊन विचारतो की इथे बसू का, दुसरीकडे कुठे जागाच नाही. सातही पुस्तकं त्या एका मोकळ्या जागेवर उभी आहेत. मग खाऊची ढकलगाडी येते, हॅरी खिशातल्या पैशांनी सगळं थोडं थोडं घेतो आणि रॉनपुढे ठेवतो, कारण रॉनच्या डब्यात त्याला न आवडणारं कोरडं सँडविच आहे. हॅरीला आजवर कधी कुणाला द्यायला काही नव्हतं, आणि द्यावं असं कुणी नव्हतं. अजून हॅरीला एकही मंत्र येत नाही, एकही राक्षस आलेला नाही. पण त्या पानावर मूल पुस्तकाचं होऊन जातं.

दहिसरच्या मुलींना हे कुणी समजावून सांगायला नको. विरारहून भरून येणाऱ्या चर्चगेट गाडीत चौथ्या सीटवर जरा सरकून जागा देणारी बाई पुढे आयुष्यभराची मैत्रीण होते, हे आपण आपल्या आयांच्या बाबतीत पाहिलंय. दसऱ्याला डब्याला तोरण बांधणाऱ्या, डब्यातच हळदीकुंकू करणाऱ्या त्या बायका. त्या नात्याला घरात कुणी नाव दिलं नव्हतं, पण आईच्या ऑपरेशनच्या वेळी जेवणाचा डबा नातेवाइकांच्या आधी त्यांच्याकडून आला होता.

मी या सगळ्याचा विचार करत होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे जादूच्या गोष्टींना तोटा कधीच नव्हता. सुरुवातीची मराठी कादंबरी बरीचशी अद्भुताच्या कुशीत वाढली. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी गोष्टी मराठीत आणत होते. आणि आपल्या लहानपणी माझ्या आजोबांनी बाइंडिंग करून ठेवलेले 'चांदोबा'चे गठ्ठे होतेच. मद्रासेत १९४७ साली तेलुगू आणि तमिळमधून सुरू झालेलं ते मासिक १९५२मध्ये मराठीत आलं, आणि शंकर यांनी काढलेली विक्रमाची आकृती, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. पण तो विक्रम बघ ना. स्मशानात एकटा जातो, एकटाच परत फिरतो. सोबतीला कोण, तर वेताळ, आणि त्याच्याशी बोललं की तोही झाडावर परत. राजपुत्रांना मित्र असायचा, पण राजाच्या मुलाचा मित्र प्रधानाचा मुलगा, हे जन्माआधीच ठरलेलं. वाटेत भेटला, शेजारी बसला आणि जिवाचा झाला, असं तिथे क्वचितच.

दुसरीकडे मैत्रीच्या गोष्टीही होत्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बन्या आणि त्याचा विद्याभवनातला दोस्त सुभाष देसाई. मला तो फार प्रिय आहे. पण तिथे संकट चोरांचं, बदमाशांचं. त्यात धाडस आहे, जादू नाही. म्हणजे जादू होती तिथे नायक एकटा आणि मित्र होते तिथे जादू नाही. दोन्ही एकत्र मला भेटलं ते नाटकात. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'. दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण आपण फक्त ऐकली होती. पण २०१८मध्ये नाटक पुन्हा आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा मी भाच्याला घेऊन बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात गेले. चेटकीण मागून आली की सगळी पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, मागे बघ, मागे बघ! तिथे प्रेक्षागृहच नायकाचा मित्र झालं होतं. मतकरींनी १९६२पासून मुलांची नाटकं स्वतः उभी केली, आणि ती चालली याचं एक कारण मला त्या आरडाओरड्यात सापडलं.

याच भाच्यानं पुढे 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचलं, भोपाळच्या मंजुलनं काढलेलं मराठी. रात्री साडेदहाला मला फोन करून सांगत होता की हर्मायनी खोटं बोलली. त्याला ते इतकं मोठं का वाटलं? तर ती नियम पाळणारी, हात वर करून उत्तर देणारी, कुणालाच न आवडणारी मुलगी. तिला राक्षसापासून वाचवायला ही दोन मुलं मुलींच्या बाथरूममध्ये घुसतात. मग बाई येतात आणि ती सगळा दोष स्वतःवर घेते. त्या क्षणापासून तिघं मित्र. आधी तिनं शंभर बरोबर उत्तरं दिली होती, त्यानं कुणी जवळ आलं नव्हतं.

आणि भांडणं! चौथ्या पुस्तकात रॉन हॅरीशी बोलणं टाकतो, निव्वळ असूयेनं, आणि हॅरीला ते खायला उठतं. सातव्यात तो रात्री तंबू सोडून निघूनच जातो. गळ्यात वाईट जादूचं लॉकेट असतं, भूक असते, घरच्यांची काळजी असते, पण मुळात मित्राचा राग आलेला असतो. लेखिका हे घाईनं मिटवत नाही. कित्येक पानं हर्मायनी रडते, हॅरी त्याचं नाव घेत नाही. मग बर्फात गोठलेल्या तळ्यातून तोच रॉन हॅरीला ओढून काढतो आणि तलवारीनं ते लॉकेट फोडतो. निघून गेलेल्या मित्राला परत येता येतं, आणि आल्यावर लाज वाटली तरी उभं राहता येतं, हे तुझ्या लेकीला आत्ता दुसरं कोण सांगणार आहे? तू आणि मी 'समजावून' सांगू, आणि तिला ते पटणार नाही.

नेव्हिलही आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी हे भित्रं पोर आपल्याच मित्रांच्या वाटेत उभं राहतं की रात्री बाहेर जाऊ नका. त्याला तिथेच मंत्रानं गोठवतात. पण अखेरचे दहा गुण त्यालाच मिळतात आणि त्यावर सगळ्या हाउसचा चषक ठरतो. मित्राला नाही म्हणण्याला एवढी किंमत देणारं पुस्तक मला शाळेत असताना कुणी दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या बाबांचं. त्यांचा मला फार आदर आहे, हे तुला माहीत आहे. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी हातातून अंगारा काढून दाखवला होता आणि मग कसा काढला तेही दाखवलं होतं. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला तेव्हा ते किती दिवस जेवले नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्यांनी पेढे न वाटता नुसतं कात्रण जपून ठेवलं. त्यांना सांग, दुसरं पुस्तक वाचा. त्यात गिल्डरॉय लॉकहार्ट नावाचे शिक्षक आहेत: सोनेरी केस, सुंदर हसू, स्वतःच्या पराक्रमांची जाडजूड पुस्तकं, सह्या घ्यायला बायकांची गर्दी. सगळे पराक्रम दुसऱ्यांचे. त्यांची स्मृती पुसून यानं आपल्या नावावर लावलेले. भोंदू बाबा कसा ओळखावा याचा मुलांसाठी इतका नीट पाठ मी दुसरीकडे वाचला नाही. तिसऱ्या पुस्तकात हर्मायनी भविष्य सांगणाऱ्या बाईंच्या तासातून तडक उठून जाते. आणि एक मुद्दा बाबांना नक्की पटेल: या शाळेत जादू वरदानानं किंवा अंगाऱ्यानं मिळत नाही. गृहपाठ करावा लागतो, चुकतं, भुवया जळतात, परीक्षा होते. आपल्या गोष्टीतला ऋषी प्रसन्न झाला की काम झालं. इथे शेजारी बसलेली मैत्रीण म्हणते, उच्चार नीट कर.

तुला २००५ आठवतंय? सहावं पुस्तक १६ जुलैला आलं, तुझ्या मामानं आणून दिलं, आणि दहा दिवसांनी २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नॅशनल पार्काच्या डोंगरातून येणारी आपली दहिसर नदी, जिला आपण एरवी नाक दाबून ओलांडायचो, ती रस्त्यावर आली. तुमच्या घरात पाणी, म्हणून तुम्ही सगळे आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर. वीज नाही, फोन नाही, माझे बाबा अंधेरीहून चालत निघालेले आणि कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. आपण दोघी मेणबत्तीशी बसून आळीपाळीनं मोठ्यानं वाचत होतो. मराठी शाळेतल्या आपल्याला निम्मे शब्द अडायचे, तरी थांबलो नाही. शेवटी मुख्याध्यापक डम्बलडोर जातात, हॅरी म्हणतो मी आता शाळेत परतणार नाही, एकटाच निघणार, आणि रॉन-हर्मायनी सांगतात की आम्हीही येतोय. ते पान तू मला दोनदा वाचायला लावलंस. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्या रात्री आपण पळत होतो असं तुला वाटतं का? मला तर तेव्हा तुझं माझ्या घरात असणं नीट कळलं, आणि ते कळायला त्या पानाची मदत झाली.

म्हणून तिला थांबवू नकोस. फक्त पॉटरपाशी तिला थांबू देऊ नकोस, असं मी म्हणेन. साठ कोटींहून जास्त प्रती खपलेली मालिका तिच्यापर्यंत पोचणारच होती; शांत पुस्तकं हाताला धरून द्यावी लागतात. अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' तिला दे. १९६८चं आहे. एका प्रकाशकानं त्यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं, तेव्हा त्यांच्या मनात आलं की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे असतात. पण ते पोरसवदा असताना कसे असतील, कुठे शिकले असतील? त्यातून जादूच्या शाळेत जाणारा गेड आला, कांस्यकाम करणाऱ्याचा मुलगा, तांबूस-सावळ्या कातडीचा. ले ग्विननी ते मुद्दाम केलं होतं, आणि वर्गात एकटी सावळी असलेल्या तुझ्या मुलीला ते कळेल. गेड घमेंडीत नको ती जादू करतो आणि एक काळी सावली जगात सुटते. शाळेतले पुष्कळ जण त्याला टाळतात. एक मित्र, वेच, टाळत नाही. त्या जगात खरं नाव कळलं की माणसावर सत्ता मिळते, म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही. आपल्याकडे आज्या पत्रिकेतलं नावरस नाव चारचौघांत घेऊ देत नसत तसंच. निरोपाच्या वेळी वेच गेडला आपलं खरं नाव सांगून टाकतो. काही मागत नाही, शपथ घेत नाही. आणि पुढे सावलीच्या शोधात गेड समुद्राच्या टोकाला निघतो तेव्हा तोच त्याच्या होडीत असतो. सावलीशी सामना गेडलाच करायचा आहे, वेच काहीच करू शकत नाही, तरी होडीत तो असतो. मैत्रीबद्दल मी वाचलेल्या पानांत या पानांना मी सगळ्यात वर ठेवते.

दुसरं पुस्तक तर तुझ्याच गावच्या वाटेवरचं आहे. मिखाएल एंडे यांचं १९७९चं 'डी उनएंडलिशं गेशिश्टं', न संपणारी गोष्ट. स्टुटगार्टला लागून असलेल्या फिल्डरश्टाटमध्ये ते १९९५ साली वारले. बास्टियान नावाचा जाडासा, आई गेलेला, वर्गात सगळ्यांनी छळलेला मुलगा एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. तुझी भीती एंडेंना पुरती ठाऊक होती. बास्टियान खरोखरच पुस्तकात शिरतो, तिथे त्याला हवं ते मिळतं, पण दर इच्छेमागे खऱ्या घराची एकेक आठवण पुसली जाते. त्याला आत्रेयु हा मित्र सावध करत राहतो आणि बास्टियान त्याच्यावर शस्त्र उगारतो, त्याला जखमी करतो. शेवटी स्वतःचं नावही विसरलेल्या बास्टियानला परतीची वाट मिळते, ती आत्रेयु त्याच्या वतीनं उभा राहतो म्हणून. त्यानं अर्धवट सोडलेल्या सगळ्या गोष्टी मी पुऱ्या करीन असं सांगतो. पुस्तकात हरवण्याचा धोका एंडे नाकारत नाहीत. पण बाहेर यायची वाटही पुस्तकातल्या मित्रापाशीच ठेवतात. हे तू आधी वाच, तुझं जर्मन आता पुरेसं आहे. मूळ आवृत्ती दोन रंगांत छापलेली होती, एक जग लाल अक्षरांत, दुसरं हिरव्या. मिळाली तर तीच घे.

आजीकडून ऐकलेलं महाभारत तिला परकं वाटू लागलंय असं तू लिहिलंस, तर रोशनी चोक्शी यांची 'अरु शाह' मालिका बघ, पहिलं पुस्तक २०१८चं. अमेरिकेतली बारा वर्षांची मुलगी वर्गात ऐट मिरवायला थापा मारते, म्युझियममधला शापित दिवा पेटवते, आणि मग कळतं की पांडव या जन्मी मुली होऊन आलेत. अरु आणि मिनी एकमेकींना आधी सहन करतात, मग सांभाळतात. भाषा माझ्या मते जरा जास्तच चुरचुरीत आहे, पण पोरीला ती आवडेल. आणि जेसिका टाउनसेंड यांची 'नेव्हरमूर', २०१७ची. त्यातली मॉरिगन म्हणजे गावानं पांढऱ्या पायाची ठरवलेली मुलगी, गारा पडल्या तरी दोष हिचा. तिला भावंडं म्हणून आठ मुलं मिळतात, तीही परीक्षा देऊन.

मराठीत कुमारांसाठी असं अनेक भागांचं, आपल्या नद्या-डोंगरांचं जादूचं जग कुणीतरी लिहायला हवं, असं मला फार वाटतं. मंडपेश्वरची लेणी इथून हाकेच्या अंतरावर, शिवाच्या जुन्या मूर्ती आत आणि माथ्यावर पोर्तुगीज चर्चचे अवशेष. दुसऱ्या बाजूला बिबट्यांचं जंगल. शाळेतून घरी जाणाऱ्या तीन मुलांना त्याहून जास्त काय लागतं?

एक राहिलं. सातव्या पुस्तकात हॅरी ल्यूनाच्या खोलीत जातो. ल्यूनाला शाळेत वेडी म्हणतात, तिचे बूट लपवून ठेवतात. तिनं छतावर पाच चेहरे रंगवलेत, त्यांच्याभोवती सोनेरी साखळीसारखी वेल आहे, आणि नीट पाहिलं तर ती साखळी म्हणजे मित्र हा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला. तुझी लेक तिथवर पोचली असेल तर तिला विचार, तिच्या छतावर कोण असतं. मागच्या शाळेतली असतील तर त्यांना घरी बोलव, लांबच्या शाळेत गेली असली तरी. ट्रॅम आहे, शनिवार आहे, तू आहेस. तेवढं मात्र पुस्तक करू शकत नाही.

दादा डिसेंबरात येतोय तिकडे. त्याच्याबरोबर 'परीस' पाठवते आणि 'किशोर'चे काही जुने दिवाळी अंक. मराठी वाचायला तिला जड जाईल, तू मोठ्यानं वाच. आणि हॅरी, रॉन, हर्मायनी या तिघांतलं कोण तिला आपलं वाटतं ते तिच्याच अक्षरात लिहून घेऊन मला पाठव. जर्मनमध्ये लिहिलं तरी चालेल, मी इथे कुणाकडून तरी वाचून घेईन.

तुझीच